पेण–रोहा, उभ्याने

हैबतरावांना आजोबा होऊन बारा दिवस झाले होते, पण तो शब्द अजून त्यांच्या तोंडावर कुणी उच्चारला नव्हता. सून पुतळी बाळंतपणाला माहेरी, रोह्याजवळच्या वरशाला गेली होती. तिथून मुलगी झाल्याचा निरोप आला, तेव्हा त्यांच्या शिर्की गावातल्या लोकांनी पेढे खाल्ले आणि नेहमीसारखं "हैबतभाऊ, अभिनंदन" म्हणून पाठीवर थाप मारली. हैबतरावांनीही मिश्या पिळून ती घेतली. एकोणसाठ वर्षांचे होते. चाळीस वर्षं मिठागरात पाय मुरवलेले, आणि त्यातली वीस वर्षं शिर्कीच्या कबड्डी संघात उजव्या कोपऱ्यावर उभे. आपले पाय म्हणजे सागाचे खांब आहेत असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नव्हतं.

एकोणनव्वदच्या जानेवारीत बारशाच्या दिवशी ते आणि गिरजाबाई पेणच्या स्टँडवर पोचले, तेव्हा रोह्याची गाडी लागलेली होती आणि भरलेलीही. खिडक्यांतून टॉवेल, पिशव्या, छत्र्या आत पडून जागा धरून झाल्या होत्या. कंडक्टर दाजी दारात उभा राहून "आत सरका, आत सरका" म्हणत होता आणि कुणाला सरकायला आत काही उरलेलं नव्हतं.

गिरजाबाईंच्या डोक्यावर डिंकाच्या लाडवांची टोपली होती. टोपली आधी आत गेली, मग त्या. दाजीने महिलांच्या बाकावर बसलेल्या एका तरुणाकडे नुसतं पाहिलं. तो उठला आणि गिरजाबाई खिडकीशी बसल्या. त्यांच्या शेजारी एक मुलगी होती, अठरा-एकोणीस वर्षांची, मांडीवर खेळाची पिशवी. तिने वर पाहिलं. पांढऱ्या मिश्यांचा, पांढऱ्या धोतराचा माणूस बाकाशी उभा. ती चटकन उठली.

"आजोबा, बसा ना."

हैबतरावांनी मागे वळून पाहिलं. मागे आजोबा म्हणावा असा कुणी नव्हता. एक पोस्टमन होता, तोही तिशीचा.

"कुणाला म्हणतंस?"

"तुम्हालाच. बसा आजोबा, गाडी हलेल आता."

"मना नको."

"अहो, बसा."

"ह्ये बायांचं बाकडं हाय."

"आजीच्या शेजारी बसलात तर चालतं."

आजी! गिरजाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना हसू आलं होतं. बारा दिवस त्या हा शब्द घराघरांतून गोळा करत फिरल्या होत्या, त्यांना त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं.

"बाय, तू बस," त्या मुलीला म्हणाल्या. "ह्यांना ऱ्हाऊ दे उभं. घरी जेवताना पन चुलीपासून दारापर्यंत तीन खेपा घालतात."

"तसं कसं? मोठी माणसं उभी आणि मी बसू? आमच्या घरी चालत नाही."

"आणि लेकीबाळींना उठवून बसायचं आमच्या घरी चालत नाय," हैबतराव म्हणाले.

गाडी सुटली. दोघंही उभी. गिरजाबाईंच्या शेजारची जागा रिकामी.

गर्दीच्या गाडीत रिकामी जागा म्हणजे काय असतं, ते ज्याने रोज प्रवास केलाय त्याला सांगायला नको. सगळ्या उभ्या माणसांचे डोळे तिच्याकडे लागले. पोस्टमनने एक पाऊल टाकलं. "ओ!" मागच्या बाकावरून आवाज आला. "ती जागा देऊन झालेली आहे. घेतलेली नाही, पण दिलेली आहे."

आवाज नीलकंठ गुरुजींचा होता. रोह्याच्या शाळेतून निवृत्त झालेले, पेणला पेन्शनच्या कामाला येऊन परत चाललेले. वयाने हैबतरावांच्याच पुढेमागे, पण खिडकीशी आरामात बसलेले.

"तुम्हाला कुणी दिली जागा?" हैबतरावांनी विचारलं.

"एका माजी विद्यार्थ्याने. सहा वर्षं लोक देतायत, सहा वर्षं मी घेतोय. 'बाळ, सुखी राहा' म्हणायचं आणि बसायचं. त्यालाही बरं वाटतं, आपल्यालाही."

"तुमचं बरं हाय. तुम्ही मास्तर. तुमची खुर्ची पयल्यापासून होती."

आसपासची माणसं हसली. गुरुजीही हसले. मुलगी मात्र हट्टाने उभी होती. वडखळच्या आधी रस्ता उखडलेला होता. गाडी उडाली, सगळ्यांनी वरची दांडी धरली. हैबतरावांचं लक्ष मुलीच्या पायांकडे गेलं. तिने दांडी धरली नव्हती. गुडघे जरासे वाकवून, पावलं फाकवून ती गाडीबरोबर डुलत होती.

"कुठं खेळतेस?"

ती चमकली. "तुम्हाला कसं कळलं?"

"अशी उभी कबड्डीवालीच ऱ्हाते."

"पेणच्या कॉलेजकडून. डावा कोपरा. आज रोह्याला चार वाजता सामना आहे. बाकीच्या कालच गेल्या, माझा सकाळी पेपर होता. माझं नाव शांती."

"मी उजवा कोपरा," हैबतराव म्हणाले. "वीस वर्षं."

"मग तर तुम्ही बसायलाच हवं. जुने खेळाडू."

जुने! हैबतरावांनी दांडीवरचा हात काढला. दोन्ही हात छातीशी घडी घालून बांधले. शांतीनेही पिशवी पाठीवर टाकली आणि हाताची घडी घातली.

"जो आधी दांडी धरेल," ती म्हणाली, "तो बसेल. आणि वाद घालणार नाही."

"रोह्यापर्यंत?"

"रोह्यापर्यंत."

"अवो, लाडू हायत म्हणलं," गिरजाबाई म्हणाल्या. "माझ्या अंगावर नका पडू."

नीलकंठ गुरुजींनी स्वतःला पंच नेमलं. उठावं लागत नव्हतं, तेवढं काम त्यांना आवडलं. वडखळला गाडी थांबेपर्यंत गाडीचे दोन भाग झाले होते. पुढच्या रांगा हैबतरावांच्या, मागच्या शांतीच्या. वडखळला चढलेल्या माणसांना हे काय चाललंय ते समजावून सांगायला लागलं आणि समजल्यावर तेही कुठल्यातरी बाजूला झाले. एक जाडजूड कंपनीवाला दुसऱ्या शिफ्टला चालला होता. त्याला कुणी समजावलं नाही. रिकामी जागा दिसताच त्याने देवाचे आभार मानले आणि तो बसू लागला. अख्खी गाडी ओरडली. तो बिचारा टेकता टेकता उठला आणि बाकाकडे असा बघायला लागला, जसा काही त्यावर साप आहे.

"दिली आहे, घेतलेली नाही," पोस्टमनने त्याला गंभीरपणे सांगितलं.

दाजी तिकिटं फाडत आला. "काका, बसा. ताई, तू तरी बस. मी बावीस वर्षं ह्या लाइनवर आहे. जागेसाठी मारामारी पाहिली, जागेसाठी पोलीस पाहिले. दोघं उभी आणि जागा मोकळी, हे पाहिलं नाही."

"आता पाहा," हैबतराव म्हणाले.

नागोठण्याला बायजाबाई चढली. ऐंशीच्या घरातली, कमरेत वाकलेली, काखेत वालाच्या शेंगांचं बोचकं. तिला पाहून सगळ्या गाडीने वाट करून दिली. शांतीचा चेहरा उजळला, हैबतरावांचाही. ह्यावर वाद होण्यासारखं काही नव्हतं.

"बसा आजी," दोघं एकदम म्हणाली.

बायजाबाईने जागा पाहिली. मग हैबतरावांना नखशिखान्त पाहिलं.

"मना कशाला? ह्या बाबाला बसवा. ह्याचे पाय लटलटतायत."

त्यानंतर जो काही गोंधळ झाला, त्यात ड्रायव्हरने गाडी बाजूला घेऊन काय झालं म्हणून विचारलं. लोक बाकांवर हात आपटत होते. गुरुजींचा चष्मा घसरला. कंपनीवाल्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गिरजाबाई तर खिडकीच्या गजाला कपाळ टेकून नुसत्या हलत होत्या. बायजाबाईला एवढं काय झालं ते कळलं नाही. तिने दाराजवळ बोचकं ठेवलं, त्यावर बसली आणि म्हणाली, "मी हितं बरी. वारा लागतो."

"लटलटत नायत," हैबतराव म्हणाले. पण लटलटत होते, आणि ते त्यांना स्वतःला नागोठण्याच्या पुलापासूनच ठाऊक होतं. उजव्या गुडघ्यात आतून कुणी सुई फिरवत होतं. तासभर झाला होता. शांतीच्याही कपाळावर घाम होता, पण ती त्यांच्याकडे बघून हसत होती, आणि हैबतरावांना आठवेना की इतक्या वर्षांत कुणी आपल्याशी असं जिद्दीने लढलं होतं. संघातले जोडीदार कधीच बसले होते. काही ओट्यावर, काही कायमचे. आता गावात सामने झाले की त्यांना मंडपात पहिल्या रांगेत बसवायचे, गळ्यात हार घालायचे. त्या हाराचा त्यांना मनापासून राग यायचा, पण तो कुणाला सांगता येत नव्हता.

भिसे खिंड लागली. डावीकडे वळण, उजवीकडे वळण. दोघांच्या कमरा इकडून तिकडे जात होत्या. "सांभाळ," हैबतराव म्हणाले. "तुम्ही सांभाळा," ती म्हणाली. मागची माणसं प्रत्येक वळणाला मोजत होती, "सात! आठ!"

दहाव्या वळणावर म्हशी होत्या.

ड्रायव्हरने ब्रेक मारला. बसलेली माणसं पुढच्या बाकावर आदळली, उभी असलेली एकमेकांवर. पोस्टमन कंपनीवाल्याच्या पोटावर पडला, ते त्याचं नशीब. शांती मात्र मोकळ्या वाटेत उभी होती. ती सरळ पुढे फेकली गेली, ड्रायव्हरच्या मागच्या लोखंडी पत्र्याकडे.

हैबतरावांनी विचार केला नाही. विचाराला वेळच नव्हता. उजवा पाय रुतवून त्यांनी डावा हात टाकला आणि तिचं मनगट धरलं. कबड्डीत निदानरेषा शिवून माघारी निसटणाऱ्या गड्याला धरावं तसं. ती गर्रकन फिरली आणि त्यांच्यासमोर येऊन थांबली. पत्र्याला तिची नुसती वेणी लागली.

त्याच क्षणी त्यांच्या गुडघ्यातून कट्‌ असा आवाज आला. तो तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

गाडी थांबली होती. म्हशी काही न झाल्यासारख्या चालल्या होत्या. हैबतराव एका पायावर उभे होते आणि अजूनही त्यांनी दांडी धरलेली नव्हती.

"आजोबा," शांती म्हणाली. "लागलं तुम्हाला. आता तरी बसा."

"बसतो," हैबतराव म्हणाले. मग त्यांनी मान वर केली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "पन म्हातारा म्हणून नाय. जखमी खेळाडू म्हणून."

"मान्य!" नीलकंठ गुरुजी ओरडले आणि पंच असूनही उभे राहिले. टाळ्या वाजल्या. चार जणांनी हैबतरावांना उचलून बाकावर ठेवलं. गिरजाबाईंनी त्यांचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि धोतर वर सरकवून गुडघा पाहिला. तो आंब्याएवढा सुजत होता.

"दुखतंय?"

"नाय."

"खोटं बोलताय."

"व्हय," ते म्हणाले आणि हसले.

रोह्याच्या स्टँडवर शांतीच्या संघातल्या सहा मुली तिची वाट बघत उभ्या होत्या. त्यांनी शांतीला उतरताना पाहिलं, तिच्यामागून चार माणसांच्या खांद्यांवर उतरणारे पांढऱ्या मिश्यांचे गृहस्थ पाहिले. काय झालं ते तिने एका दमात सांगितलं. वरसे गाव रोह्याला लागूनच, पण एका पायाने जाण्याइतकं लागून नाही. लग्नसराई होती, रिक्षा सगळ्या वऱ्हाडांत गेलेल्या. स्टँडच्या तोंडाशी एक केळीवाला हातगाडी घेऊन उभा होता.

"केळी उतरवायला वेळ लागेल," तो म्हणाला.

"कशाला उतरवायची?" शांती म्हणाली.

अशा रीतीने हैबतराव व्याह्यांच्या दारी पोचले. पुढे डोक्यावर लाडवांची टोपली घेतलेल्या गिरजाबाई, मागे हातगाडीवर केळ्यांच्या घडांमध्ये पाय लांब करून बसलेले हैबतराव, गाडीला सात मुली आणि मागून ओरडत येणारा केळीवाला. वाटेत मुलींनी 'कबड्डी कबड्डी' सुरू केलं होतं. हैबतरावांनी एकदा सांगून पाहिलं की मी वरपक्षाकडचा आहे, जरा मानाने न्या. कुणी ऐकलं नाही, आणि तिसऱ्या वळणावर तेही त्यांच्याबरोबर दम धरायला लागले.

व्याही काळुराम अंगणात पाय धुवायला पाण्याची कळशी घेऊन उभे होते. ते तसेच उभे राहिले. हैबतरावांचा मुलगा रघू धावत आला.

"बाबा! काय झालं?"

"सामना," हैबतराव म्हणाले. "आता इचारू नको. खुर्ची बघ."

खुर्ची एकच होती. तिच्यावर काळुरामांची आई, धोंडुबाई, बसली होती. पंच्याऐंशी वर्षांची, हातात काठी. तिने जखमी व्याह्याला पाहिलं आणि काठी टेकत उभी राहिली.

"बसा."

दीड तास हैबतराव एका तरण्या पोरीशी भांडले होते, आणि आता त्यांच्यासाठी ही उठत होती. त्यांनी मुलींच्या खांद्यांना धरून हातगाडीवरून उतरायचा प्रयत्न केला. पाय टेकला नाही.

"नको नको, आई, तुम्ही बसा. मी ओट्यावर टेकतो."

"ओट्यावर पाय लांब नाय करता येत. बसा म्हणते ना."

"तुम्ही उभ्या आन मी बसू? मना लाज वाटेल."

धोंडुबाईने इकडेतिकडे पाहिलं, आणि आवाज खाली करून, जवळजवळ त्यांच्या कानात म्हणाली, "बसा हो व्याही. सात वर्सं ह्ये लोक मना उठूच देत नाय. उठले की 'आजी बसा, आजी पडाल'. आज निमित्त मिळालंय, जरा उभी ऱ्हाते."

हैबतराव मुलींच्या आधाराने खाली उतरले. मग खुर्चीत बसले. अगदी मुकाट्याने, पाठ टेकून. आणि धोंडुबाई काठीवर दोन्ही हात ठेवून, मान ताठ करून, बायकांच्या मध्ये उभी राहिली. सून तिला बसवायला आली, तर तिने सुनेला काठी दाखवली.

पाळणा सजला होता. पुतळीने बाळाला आणून हैबतरावांच्या मांडीवर ठेवलं. त्यांना उठता येत नव्हतं, म्हणून मग सगळंच त्यांच्याभोवती झालं. बायका खुर्चीभोवती जमल्या, मुलीच्या कानात नाव सांगितलं गेलं, वृंदा. गिरजाबाईंनी पहिला लाडू शांतीच्या हातावर ठेवला. मूठभर तोंडाचं ते पोर डोळे मिटून पडलं होतं. अचानक वृंदाने पाय झाडला आणि हैबतरावांच्या अंगठ्यावर टाच मारली.

"कोपरा!" ते ओरडले. "उजवा कोपरा हाय ही!"

"उद्या बघू कुठला कोपरा," पुतळी हसून म्हणाली आणि मुलीला उचलून घेतलं.

जेवणं झाली. सात मुली पंगतीत बसून जेवल्या आणि काळुरामांनी त्यांना आग्रहाने वाढलं, हे त्यांच्या प्रशिक्षकाने पाहिलं असतं तर तो रडला असता. तीन वाजले. मुली निघायला लागल्या, तेव्हा हैबतरावांनी शांतीला हाक मारली.

"घोटा कसा धरतेस, दाखव."

तिने अंगणात रघूला उभं करून दाखवलं.

"चुकतंय. हात आधी जातो तुझा. आधी खांदा खाली. काळुराम, तुम्ही चढाईला या."

काळुरामांनी धोतर खोचलं आणि चढाईला आले. शांतीने त्यांना असं धरलं की ते तुळशीपाशी जाऊन पडले आणि पडल्या पडल्या म्हणाले, "वा!"

"आता जमलं," हैबतराव म्हणाले. "गाडी काढा. मी पन येतो."

"अवो, पाय बघा!" गिरजाबाई म्हणाल्या.

"पाय गाडीवर हाय. डोळे चांगले हायत."

म्हणून बारशाला आलेली निम्मी माणसं हातगाडीमागून रोह्याच्या मैदानावर गेली. केळीवाल्याची अर्धी केळी एव्हाना खपली होती आणि त्याला आता सामन्यातच रस होता. पहिल्या डावात पेणच्या मुली सहा गुणांनी मागे होत्या. दुसऱ्या डावात समोरची उंच चढाईवाली डाव्या कोपऱ्याकडे आली, पाय टाकून हात लावायला वाकली. शांतीचा खांदा खाली गेला. घोटा धरला, ती पडली, बाकीच्या सहा जणी तिच्यावर.

हैबतराव हातगाडीवर एका पायाने उभे राहिले आणि त्यांनी आरोळी मारली. एका टोकाला सगळा भार आला. गाडी कलंडली. हैबतराव, दोन घड केळी आणि गाडीला टेकून उभा असलेला रघू मैदानाच्या धुळीत बसले. गिरजाबाई धावत आल्या.

"लागलं का?"

"पकड बघितलीस का गो?" हैबतराव म्हणाले. त्यांच्या मांडीवर केळी होती आणि मिश्यांत माती. "तू ती पकड बघितलीस का?"